डबा बदलला, काच तीच

बांगड्या झिजल्या की आपण त्या मोडतो. सोनं तेच राहतं, घडण नवी होते. आजीच्या गोठांच्या सुनेला पाटल्या होतात, पाटल्यांच्या नातीला बांगड्या. कॅमेऱ्याचंही असंच आहे. कॅमेरा ही घडण. ती दहा-पंधरा वर्षांत जुनी होते, बिघडते, तिचे सुटे भाग मिळेनासे होतात. लेन्स मात्र सोन्यासारखी. चांगली घासलेली काच नीट ठेवली तर पन्नास-साठ वर्षांनीही कामाला येते. म्हणूनच हल्ली पुष्कळ लोक १९६०-७० च्या दशकांतल्या, हातानं फिरवून फोकस करायच्या जपानी लेन्स शोधून काढतात आणि आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवतात.

आमच्याही घरात अशी एक लेन्स निघाली. तिच्याविषयी लिहायचं तर फक्त काचेविषयी लिहून भागत नाही. काचेसमोर कोण उभं राहिलं आणि काचेमागं कोण, हेही सांगावं लागतं. आणि आम्ही अफझलगंजाजवळ राहतो, तेव्हा सुरुवात इथूनच करते.

अफझलगंज हे नाव पाचवे निजाम अफझलउद्दौला यांचं. त्यांची कारकीर्द १८५७ ते १८६९. गंज म्हणजे धान्याचा बाजार. मूसी नदीच्या उत्तर काठाला हा बाजार वसला, आणि नदी ओलांडली की चारमिनारकडचं जुनं शहर. इथं मारवाडी, गुजराती, तेलुगू, मराठी सगळे एकमेकांशी दखनीत बोलतात, आणि घरी गेल्यावर आपापल्या भाषेत भांडतात. २८ सप्टेंबर १९०८ ला मूसीला महापूर आला आणि हजारो माणसं गेली. आज जिथं उस्मानिया दवाखाना आहे तिथल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या वर माणसं वाचली, असं इथं अजून सांगतात. ते झाड आहे. त्या पुराचे फोटोही आहेत. ते काढले राजा दीनदयाळ यांच्या पेढीनं.

दीनदयाळ यांचं नाव आपल्या समाजात जितकं माहीत असायला हवं तितकं नाही. त्यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावातल्या जवाहिऱ्यांच्या जैन घरातला. रुडकीला शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केली, तिथंच फोटोचा छंद लागला. १८८० च्या दशकात ते सहाव्या निजामांचे, महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. १९०५ मध्ये ते गेले. पुराच्या वेळी पेढी त्यांच्या मुलाच्या हाती होती.

माझ्या दृष्टीनं त्यांचं मोठं काम दरबाराच्या फोटोंपेक्षा वेगळंच आहे. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी एक स्टुडिओ उघडला. जनाना स्टुडिओ. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर यायच्या नाहीत, म्हणून तिथं सगळा कारभार केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे होता. काचेच्या पुढं बाई आणि काचेच्या मागंही बाई, असं या शहरात तेव्हा घडलं. पण तिथं जायचं ते बग्गीतून, नबाबांच्या आणि अमीर-उमरावांच्या घरच्यांनी. गंजात धान्य निवडणाऱ्या बाईला तो दरवाजा नव्हता.

दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्ह अजून आहेत. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं अशा २,८५७ काचा घेतल्या. कागद पिवळे पडले, काचा राहिल्या.

आता एक अशी गोष्ट सांगते जी आपल्या घरात बोलायला हवी. त्या काळचा फोटोचा कागद अंड्याच्या पांढऱ्याचा लेप देऊन तयार होत असे. जर्मनीत ड्रेस्डेनला त्याचे कारखाने होते, आणि अंडी फोडून पांढरं वेगळं करायचं काम तिथं बायका करत. पुढं १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानं जिलेटिनचा लेप शोधला. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला सरस. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगातली जवळजवळ प्रत्येक फिल्म, बहुतेक काळे-पांढरे फोटो जिलेटिनवर उमटले. उटीच्या सरकारी कारखान्यातली आपली इंदू फिल्मही त्याला अपवाद नव्हती. म्हणजे आपण केक घेताना डब्यावर हिरवा ठिपका शोधतो, आणि तीर्थयात्रेचे, पंचकल्याणकाचे, दीक्षेचे सगळे अल्बम मात्र याच सरसावर. कुणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. दुसरा मार्गच नव्हता. आज तो आहे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनचा सेन्सर असतो. त्याच्यासाठी खाणी खणाव्या लागतात, म्हणून तो अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक फोटोला जिलेटिन लागायचं, ते संपलं. आणि त्यावर पन्नास वर्षांपूर्वीची, आधीच घडून गेलेली काच बसवली, तर नव्या लेन्ससाठी नवं काही जाळावं-खणावं लागत नाही.

तर ही काच जपानमधून आमच्या घरी कशी आली?

जपानची लेन्स जन्मली ती लढाईच्या कामासाठी. निप्पॉन कोगाकू, म्हणजे आजची निकॉन, १९१७ मध्ये निघाली. आरमारासाठी दुर्बिणी, पाणबुडीचे पेरिस्कोप, तोफांचं अंतर मोजायची यंत्रं ती बनवी. १९४५ ला जपान हरला. तीच माणसं आणि तीच काच घासण्याची यंत्रं कॅमेऱ्याच्या कामाला लागली. तलवारीचं लोखंड विळ्याला लागावं तसं.

असाही त्यांतला भावुकपणा होता. १९३४ मध्ये टोकियोत एका लहान प्रयोगशाळेनं कॅमेऱ्याचा नमुना केला, त्याचं नाव ठेवलं क्वानॉन. क्वानॉन म्हणजे करुणेची देवता, आपल्याकडचा अवलोकितेश्वर. त्याच्या लेन्सचं नाव होतं कश्यप, बुद्धाचा शिष्य महाकाश्यप याच्यावरून. पुढं क्वानॉनचं कॅनन झालं. १९३६ ला त्यांचा पहिला कॅमेरा बाजारात आला तेव्हा त्यावर लेन्स मात्र निकॉनवाल्यांची होती. दुसरी एक कंपनी मिनोल्टा. कोबे शहरामागच्या रोक्को डोंगरावरून तिनं आपल्या लेन्सला रोक्कोर म्हटलं. तिसरी असाही. १९१९ मध्ये ती चष्म्याच्या काचा घासायला निघाली होती. तिच्या संस्थापकाचा भाऊ ताकुमा काजिवारा अमेरिकेत छायाचित्रकार आणि चित्रकार होता. त्याच्या नावावरून तिच्या लेन्सचं नाव झालं ताकुमार. १९५७ मध्ये या कंपनीचा पेंटॅक्स कॅमेरा आला.

जपानी माल म्हणजे स्वस्त खेळणी, असा तेव्हा जगाचा समज होता. तो १९५० मध्ये बदलला. लाइफ मासिकाचा डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकारानं निकॉनच्या लेन्सनं त्याचा फोटो काढून दाखवला, आणि डंकन थक्क झाला. लगेच कोरियाचं युद्ध सुरू झालं. डंकननं आपल्या कॅमेऱ्यावर जपानी लेन्स लावल्या आणि तिथले फोटो जगभर गेले. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि पुढची वीस वर्षं जर्मनीच्या हातातला हा धंदा जपानकडे सरकत गेला.

आपल्याकडे तेव्हा परदेशी कॅमेरा दुकानात सहज मिळत नसे. आयातीवर बंधनं होती, वर जकात. मग कुणी जहाजावरचा, कुणी आफ्रिकेतला, आणि १९७० नंतर कुणी आखाती देशांतला नातेवाईक आला की बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून याशिका नाहीतर पेंटॅक्स यायचा. हैदराबादेत तर गल्लीगल्लीतला एकेक मुलगा आखातात होता. अशाच एका शेजाऱ्याकडून आमच्या सासऱ्यांनी पेंटॅक्स घेतला. त्यावर होती ५० मिलिमीटरची, १.४ छिद्राची सुपर-ताकुमार.

सासऱ्यांनी त्यावर उस्मानिया दवाखाना काढला, सेंट्रल लायब्ररी काढली, नया पूल काढला, मंदिराच्या ट्रस्टींची रांग काढली, धान्याची पोती आणि पोत्यांवर बसलेले दलाल काढले. सगळे फोटो सुरेख. घरातल्या बायका मात्र त्यांत लग्नाच्या ग्रूप फोटोतच दिसतात. मागच्या रांगेत, पदर कपाळापर्यंत. फोकस पुढच्या रांगेवर, म्हणून मागच्या जरा धूसर. कॅमेऱ्याला बायकांनी हात लावायचा नाही असा काही नियम नव्हता. लावला नाही, एवढंच.

सासरे गेले. कॅमेऱ्याचं शटर अडकलं. लेन्स तशीच त्यावर, कपाटात. लेकीनं नवा घेतला तेव्हा तिचा वापरलेला मिररलेस कॅमेरा मला दिला, आणि मी ती लेन्स घेऊन कोठीजवळच्या एका वयस्क मेकॅनिककडे गेले. त्यांनी ती दिव्यासमोर धरली, उलटी केली, पुन्हा धरली. म्हणाले, "अम्मा, कांच अच्छीच है. डब्बा बदल लेव."

डबा बदलता येतो तो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असे. फोटो काढताना तो वर उचलला जाई. त्याला हलायला जागा हवी, म्हणून लेन्सची बैठक फिल्मपासून लांब ठेवावी लागे. पेंटॅक्सच्या ४२ मिलिमीटरच्या आट्यांच्या बैठकीत हे अंतर ४५.४६ मिलिमीटर, निकॉनच्या एफ बैठकीत ४६.५. आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे २००८ पासून आले, पॅनासोनिकचा जी-१ हा त्यांतला पहिला. आरसा गेला, अंतर घटलं. सोनीच्या ई बैठकीत ते फक्त १८ मिलिमीटर आहे. मग मधल्या साडेसत्तावीस मिलिमीटरची एक पोकळ धातूची कडी घातली की जुनी लेन्स आपल्या मूळ जागी येते. त्या कडीत काच नाही, तार नाही, काही नाही. डब्याच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. हिला अॅडॅप्टर म्हणतात आणि साधा घेतला तर एका बऱ्या साडीपेक्षा स्वस्त पडतो.

कॅमेऱ्याला मात्र कळत नाही की लेन्स लावली आहे. त्याच्या मेन्यूत "लेन्सशिवाय शटर" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करावा लागतो. उजेड किती आत घ्यायचा ते लेन्सवरच्या कडीवर ठरवायचं, अंतर दुसऱ्या कडीवर. डोळे कमजोर असतील तरी घाबरू नका. मला चष्मा आहे. पडद्यावर चित्र दहापट मोठं करून बघता येतं, आणि जिथं फोकस बसला तिथल्या कडा लाल किंवा पिवळ्या करून दाखवायचीही सोय असते. बघायला आपले तरुणपणीचे डोळे लागत नाहीत. धीर लागतो.

आमची लेन्स निघाली तेव्हा चहासारखी पिवळी होती. काच खराब झाली असं वाटावं, पण त्याला कारण होतं. तेव्हाच्या काही लेन्सच्या काचेत थोरियम घालत, त्यानं काच उजेड जास्त वळवते. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत असतं तेच हे थोरियम. ते किंचित किरणोत्सारी असतं आणि वर्षानुवर्षांत काचेला पिवळेपणा आणतं. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात त्याचा मोठा धोका मानत नाहीत, पण अशी काच फोडायची-घासायची नाही, रात्रंदिवस उशाशी ठेवायची नाही. पिवळेपणावर उपाय म्हणजे ऊन. मी ती गच्चीवर, खाली अॅल्युमिनियमची फॉइल घालून, रोज थोडी उन्हात ठेवली. उघड्या भिंगातून ऊन एका जागी पडलं तर कापडसुद्धा पेटतं, म्हणून शेजारी कुरडयांवर लक्ष ठेवत मीही बसले. काही आठवड्यांत पिवळेपणा पुष्कळ उतरला.

उन्हाचा दुसरा गुण आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, मंदिरातले ग्रंथ बाहेर काढतात, झटकतात, हवा-ऊन देतात, नवी वेष्टनं घालतात. पावसाळ्याआधी ओल काढायची, म्हणजे बुरशी धरत नाही, आणि धरल्यावर पुसून मारायची वेळ येत नाही. आपण बुरशीतही अनंत जीव मानतो. लेन्सचा मोठा शत्रू बुरशीच. चामड्याच्या कव्हरात कोंडून ठेवली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. म्हणून कव्हरातून काढायची, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची, आणि वापरायची. आता मी शास्त्रभांडाराबरोबर माझी लेन्सही पंचमीला काढते.

या छंदाला एक व्यसनही चिकटलेलं आहे. स्वस्त मिळतात म्हणून लोक दहा, वीस, पन्नास जुन्या लेन्स जमवतात. हा परिग्रहच झाला, जुना असला तरी. मला एक पुरते.

मग या एका लेन्सनं काय करायचं? मला कारण घरातच मिळालं.

आमच्या आजेसासूबाई गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकटीचा फोटो नव्हता. लग्नाच्या ग्रूप फोटोतून चेहरा कापून मोठा करून आणला. मागच्या रांगेतला धूसर चेहरा मोठा केल्यावर आणखी धूसर झाला. हार घातल्यावर तर कोण आहे तेच कळेना. मी नंतर गल्लीत विचारलं. घराघरांत हीच गोष्ट. पुरुषांचे फोटो दुकानातल्या गादीवरचे, ट्रस्टच्या कार्यक्रमातले. बायकांचे ग्रूपमधून कापलेले.

आमच्या चुलत सासूबाई, आम्ही त्यांना काकी म्हणतो, नव्वदीच्या आहेत. अजून रोज दुपारी दारात बसून तांदूळ निवडतात. मी कॅमेरा घेऊन पुढं बसले तर म्हणाल्या, "लावायला लागतो तोच काढतेस ना? काढून ठेव बाई, नंतर धावाधाव नको."

"तो नाही काकी. तुम्ही तांदूळ निवडा."

एक मीटरवरून, छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की या लेन्सला जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट दिसतो. डोळे स्पष्ट तर कान धूसर. स्वयंचलित कॅमेरा झटकन काहीतरी निवडून मोकळा होतो. इथं कडी आपल्या बोटांत असते आणि ठरवावं लागतं: यांतलं काय स्पष्ट हवं? मी आधी हात घेतले. सूप, खडा उचलणारं बोट, मनगटावरचं गोंदण. मग कडी केसभर फिरवली आणि डोळे घेतले. काकी मला विसरल्या होत्या. खडा दिसला की त्यांची नजर बारीक होते, ते त्या फोटोत आलं. नव्वद वर्षांत त्यांच्याकडे एवढा वेळ रोखून कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

फोटो त्यांना पडद्यावर दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खाली नाव लिहशील ना?"

"लिहीन की."

"माहेरचं पण लिही. लग्नात तांदळात बोट फिरवून बदललं होतं. आता ते नाव माहीत असलेलं कुणी राहिलं नाही."

तेव्हापासून मी एक वही घातली आहे. गल्लीतल्या ज्या बायकांचा फोटो काढते त्यांची दोन्ही नावं, गाव, आणि फोटोच्या वेळी त्या काय करत होत्या ते लिहून ठेवते. पापड लाटत होत्या, सामायिकाला बसल्या होत्या, नातवाला ओरडत होत्या. उस्मानिया दवाखान्याच्या जुन्या इमारतीत जुलै २०२० मध्ये पावसाचं पाणी शिरलं आणि ती रिकामी करावी लागली. तिच्यासाठी निवेदनं गेली, कोर्टात दावे झाले, वर्तमानपत्रांत लेख आले, आणि यायलाच हवेत. सासऱ्यांनी काढलेले तिचे फोटो म्हणून मी जपून ठेवले आहेत. पण काकींसाठी कुणी निवेदन देणार नाही. हे काम आपल्याला घरीच करावं लागेल.

तुमच्या घरातलं वरचं कपाट उघडून बघा. सासऱ्यांचा, मामांचा, काकांचा एखादा कॅमेरा असेल, बंद पडलेला. तो भंगारात देण्याआधी पुढची लेन्स काढून उजेडात धरा. काचेवर जाळं नसेल आणि कड्या फिरत असतील तर तिच्यात अजून पुष्कळ वर्षं आहेत. लेन्सच्या बैठकीचं नाव विचारून घ्या, त्या मापाची कडी आणा, घरात कुणाचा जुना मिररलेस पडून असेल तर मागून घ्या. आणि पहिला फोटो घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईचा काढा, ती बसलेली असेल तिथं, करत असेल ते काम करताना. खाली तिची दोन्ही नावं लिहा.